विकायचे नाही

लेक तितीच्या बाळंतपणासाठी मोरेनिके अबुजाला गेली ती चाळीस दिवसांसाठी. त्याला आता दोन वर्षे होऊन गेली होती. तिचा नवरा लासिसी, टपालखात्यातला निवृत्त कारकून, लागोसमधल्या घराच्या पायरीवर बसून दर रविवारी फोनवर एकच प्रश्न विचारी, "कधी येतेस?" उत्तरही एकच येई.

"तितीचे बाबा, गटाराचं पाणी घरात, जनरेटरचा धूर नाकात. ते शहर राहण्याजोगं झालं, की येते!"

दोन कोटी वस्तीचे शहर एकट्याने राहण्याजोगे कसे करावे? तरी लासिसीने आपल्या दारापासून आरंभ केला. शेजाऱ्यांना हाताशी धरून गटार उपसले, त्यावर फरश्या टाकल्या. पालिकेकडे सात अर्ज करून सावलीसाठी बदामाचे रोप लावून घेतले. ते रोपही असे वाढले, की जणू त्यालाही मोरेनिकेची ओढ लागली होती.

दोन पावसाळ्यांत फांद्या कुंपणाच्या भिंतीवर टेकल्या. मालकाला न विचारता घर परस्पर विकणाऱ्या भामट्यांच्या धास्तीने त्या गल्लीतल्या प्रत्येक भिंतीवर लाल अक्षरांत लिहिलेले असे: 'हे घर विकायचे नाही.' लासिसीच्या भिंतीवरचा 'नाही' तेवढा पानांआड गेला.

सोमवारी एक दलाल टेप घेऊन थेट अंगणात शिरला. मंगळवारी तिघे आले.

"पाणी शिरत नाही, दारात गार सावली! बाबा, असं घर या भागात दिवा लावून शोधलं तरी मिळायचं नाही."

"अहो, विकायचं नाही!"

"आधी सगळे असंच म्हणतात. आकडा बोला."

बुधवारी लासिसीने कोयता उचलला, तोच पालिकेचा माणूस ओरडला, "खबरदार! झाड शहराचं आहे. शहर राहण्याजोगं करतोय आम्ही."

"हे दलाल मला राहू देईनात त्याचं काय?"

"अर्ज करा."

मग 'नाही' पानांबाहेर ठळक लिहायला रंगारी बोलावला. तो शनिवारचा वायदा करून गेला. घर विकायला काढल्याची बातमी मात्र गुरुवारीच अबुजाला पोचली.

शुक्रवारी दुपारी मोरेनिके फाटकात उभी राहिली. डोईचे फडके सोडून तिने भांडणाच्या तयारीने कमरेला आवळले, तेव्हा शेजारणी दारात आल्या.

"माझ्या माघारी घर विकताय?"

तिच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. लासिसी ते पाहतच राहिला. एका 'नाही'ने सारे मिटले असते, आणि ती पाणी पिऊन संध्याकाळच्या गाडीने परतली असती. सदतीस वर्षांच्या संसारात तो तिच्याशी कधी खोटे बोलला नव्हता.

"बोलणी चालू आहेत," तो जमिनीकडे पाहत म्हणाला.

"चालू आहेत? मग मीही बघते, कोण घेतो ते! आता इथून हलले, तर नावाची मोरेनिके नाही." तिने पायरीवर बसकण मारली.

इतक्यात आणखी एक दलाल फाटकातून डोकावला. लासिसी लगबगीने उठला, आणि त्या आठवड्यात प्रथमच त्याने खुर्ची पुढे केली.

"या, बसा," तो म्हणाला. "सावकाश बोलू. घाई कसलीच नाही."