भिवाकाकांचा पिवळा कण

भिवाकाकांच्या हातात काहीही दिलं, की ते आधी तळहातावर तोलायचे आणि मग बघायचे. लग्नपत्रिका, नारळ, लोकांची तान्ही मुलं, सगळं. तोलून झालं की निकाल द्यायचे, "जड असता ताच खरा." माझी बारावीची गुणपत्रिकाही त्यांनी अशीच तोलली आणि परत देत म्हणाले, "हलकी असा रे. पण पास झालंस मा?" माझं रसायनशास्त्राचं पुस्तक मात्र त्यांना पसंत पडलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी तोललं आणि म्हणाले, "ह्याच्यात खरा लिवलेला असतला."

भांडुपच्या टेकडीवर आमची पत्र्याच्या बारा खोल्यांची चाळ होती. शेवटच्या खोलीत भिवाकाका आणि कृष्णाकाकी राहायचे. दोघंच, मूलबाळ नव्हतं. काका गिरणीत होते. संपात गिरणी बंद झाली ती परत उघडलीच नाही. त्यानंतर काकांनी जो उद्योग धरला, त्यावर सगळी चाळ हसायची. टेकडीमागे, दगडाच्या खाणीखालून वाहणाऱ्या ओढ्यात ते सोनं शोधायचे.

दुपारी काकींना पेज भरवून झाली की ते परात घेऊन निघायचे. गिरणीत असताना सोनारांच्या दुकानाबाहेरची माती धुणारे झारेकरी त्यांनी पाहिले होते. तीच रीत होती. परातीत वाळू घ्यायची, पाण्यात गोल गोल हलवायची, हलकं वाहून जाऊ द्यायचं. तळाशी जड काळी रेती उरायची. ती वाळवून ते तिच्यावरून मोडक्या लाउडस्पीकरचं लोहचुंबक फिरवायचे. काळी रेती चुंबकाला चिकटायची आणि मागे चार-दोन पिवळे कण चमकायचे.

संध्याकाळी ते परतले की शांतामावशी दारातूनच विचारायच्या, "काय भिवाभाऊ, आज कंबरपट्टा की नुसत्या बांगड्या?"

"आज नुसतो गाळ, वयनी."

"मग आमच्या दाराशी टाका की. तिथली जमीन खचलीये."

काकाही हसायचे.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. त्यामुळे मला सगळं येतं अशी चाळीची समजूत होती. काकींची तर खात्रीच. त्यांचं एक अंग लुळं पडलं होतं. त्या खाटेवरूनच हुकूम सोडायच्या, "त्या कॉलेजवाल्याक दाखवा."

मग काका कागदाची पुडी घेऊन यायचे. मी घाटकोपरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत सरांना विचारून कण तपासायचो. परीक्षा सोपी असते. खरं सोनं हातोडीखाली चपटं होतं, फुटत नाही. काकांच्या कणांचा मात्र भुगा व्हायचा. खडबडीत चिनी मातीवर घासले की हिरवट काळी रेघ उमटायची. लोखंड आणि गंधकाचं खनिज. दिसायला सोनं, बाकी काही नाही.

हे सांगायला जाताना माझा पाय उचलायचा नाही. कारण ते सोनं कशासाठी हवं होतं, हे मला माहीत होतं. संपाच्या काळात काकींच्या मंगळसूत्राच्या वाट्या विकाव्या लागल्या होत्या. घरात सोन्याचा कण उरला नव्हता. आणि आमच्यात माणूस जाताना तोंडात तुळशीपान, गंगाजल आणि सोन्याचा कण घालतात. शेजारी द्यायला तयार होते, पण काकींना दुसऱ्याचं नको होतं. त्यांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "माझ्या घरचा सोना तोंडात पडल्याशिवाय मी जावचंय नाय."

मी "खोटं आहे, काका" म्हटलं की ते म्हणायचे, "बरा झाला." मग घाईने, "म्हणजे, कळला ता बरा झाला." मला त्यांच्या धीराचं फार कौतुक वाटायचं.

तिसऱ्या वर्षी, दिवाळीच्या आधी, एका पुडीत सहा कण होते. पाचांचा भुगा झाला. सहावा चपटा झाला. मी पुन्हा हातोडी मारली. तो आणखी पसरला. नायट्रिक ॲसिडमध्ये टाकला. पितळ असतं तर विरघळून पाणी निळं-हिरवं झालं असतं. काहीच झालं नाही. सर भिंगातून बघून म्हणाले, "सोनंच आहे. पण या डोंगरात सोनं नसतं. कुणाच्या तरी नाकातल्या चमकीचा तुकडा वाहत आला असेल."

मी स्टेशनपासून धावतच चढ चढलो. काका खोलीबाहेर परात घासत होते. मी धापा टाकत, हळू आवाजात सांगितलं. काकांच्या हातातली राख खाली पडली. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"कोणाक सांगितलंस?"

"कोणालाच नाही."

"सांगू नको." ते खालीच बसले. मग म्हणाले, "बोललेला खरा करणारी बायल असा ती. सोना इला म्हणून कळला, की डोळे मिटतली. मी रोज देवाक सांगून परात घेऊन जातंय, आज पण सोना गावू नको. आणि तू ह्या घेऊन इलंस. आता मी काय करू?"

तीन वर्षं मी ज्याला धीर समजत होतो, ती सुटका होती. मी पुडी त्यांच्या हातात दिली.

आतून काकींचा आवाज आला, "कोण ता? कॉलेजवालो काय? काय म्हणता?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी दारात गेलो. शिकलेल्या माणसाचं ऐकायला काकींनी उशीवरून मान उचलली होती.

"खोटं आहे, काकी."

"परत?"

"परत."

त्यांनी मान परत उशीवर टेकली. मग ठसक्यात म्हणाल्या, "अवो, उद्या वायच वरच्या अंगाक जावन बघा. एकाच जाग्यावर काय धुतास?"

"व्हय गो," काका बाहेरूनच म्हणाले. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं.

काकी त्यानंतर सव्वा वर्ष जगल्या. काकांनी एकही दुपार चुकवली नाही.

त्या गेल्या त्या सकाळी खोलीत बायका जमल्या होत्या. श्वास अडकत होता. तुळशीपान, गंगाजल तयार होतं. शांतामावशी डोळे पुसत स्वतःच्या कानातली कुडी काढायला लागल्या.

"ऱ्हवांदे, वयनी," काका म्हणाले. त्यांच्या मुठीत मला ती कागदाची पुडी दिसली. "सगळी वायच भायर जावा."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. अशा वेळी कुणी बाहेर घालवतं का? मी मावशींचा हात धरून त्यांना बाहेर नेलं, बाकीच्यांनाही या म्हटलं, आणि दार ओढून घेतलं.