टाकीच्या वळणावर साठ

सोमवारी सकाळी बायकोच्या मनगटाचा एक्स-रे त्याने स्वतःच काढला. इस्पितळात ते काम त्याचंच होतं, आणि रविवारी दुपारी ते मनगट मोडलं होतं तेही त्याच्याच गाडीत.

"हलू नकोस," तो सवयीने म्हणाला.

"काल हलले तेवढं पुरे आहे मला," ती म्हणाली.

दोन माणसांची ती लाल, जुनी स्पोर्ट्स कार त्याने अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हौसेने घेतली होती. पाण्याच्या टाकीला वळसा घालून रस्ता खाली उतरतो, तिथे गाडीची मागची बाजू सुटली आणि ती कठड्यावर जाऊन आदळली. ते वळण त्याला चांगलंच ठाऊक होतं. बारा वर्षं तिथून त्याच्याकडे हाडं येत होती. खांदा मोडलेला माणूस आत आणला की तो नुसतं विचारायचा, "टाकी का?" आणि तो माणूस मान हलवायचा. मान हलत असली तर.

रात्री जेवताना तो म्हणाला, "त्या वळणाचा उतारच उलटा आहे. गाडीला आत धरायचं सोडून बाहेर ढकलतो."

समोर बसलेल्या सासऱ्यांचा घास हातातच राहिला. बायकोने प्लास्टरमधल्या हाताने नवऱ्याला टेबलाखालून डिवचलं, पण उशीर झाला होता. सासरे, म्हणजे घरचे अण्णा, रस्ते खात्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झाले होते आणि टाकीचं वळण एकतीस वर्षांपूर्वी त्यांनीच बांधलं होतं.

"वळणात काही दोष नाही," अण्णा शांतपणे म्हणाले. "बोर्ड तीसचा आहे. तुम्ही कितीने होतात, जावईबापू?"

"पंचेचाळीस."

"मग दोष रबरात आहे. नाहीतर माणसात."

माणूस बदलणं अवघड होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी तो रबर बदलायला गॅरेजमध्ये गेला. तिथल्या मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणत. उस्तादने टायरवर नख मारून बघितलं.

"नऊ वर्षांचे आहेत हे. रबर कुठंय यात? लाकूड झालंय. यावर कपडे धुवा, गाडी नका चालवू."

नवे, मऊ रबराचे टायर आले. मागची बाजू सुटायची थांबली, पण आता पकड इतकी वाढली की वळणावर गाडी एका अंगावर कलायला लागली. म्हणून उस्तादने आखूड, कडक स्प्रिंगा आणि जोडीला कडक शॉक अब्जॉर्बर बसवले. कलणं थांबलं, तर गाडीचं नाक वळणाबाहेर जायला लागलं. मग पुढची चाकं वरच्या बाजूने किंचित आत झुकवली, हवा कमी केली, वाढवली, पुन्हा कमी केली. आठ आठवडे तो इस्पितळातून सुटला की गॅरेज आणि गॅरेजातून सुटला की वळण, असं करत होता. गाडी इतकी कडक झाली की रस्त्यावर पडलेल्या काडीवरून गेली तरी काडीची लांबी कमरेला कळायची. गतिरोधकावर तिचं पोट घासायचं तेव्हा इस्पितळातले रुग्ण खिडकीत येऊन बघायचे.

"वळणाला बसली का गाडी?" अण्णा रोज विचारत.

"बसली," एक दिवस तो म्हणाला. "बघायचीय?"

अण्णा गुडघे पोटाशी घेऊन गाडीत बसले. टाकीच्या वळणावर काटा साठवर होता आणि गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली. अण्णांचा चेहरा असा उजळला की जावयाला, लग्नानंतर पहिल्यांदाच, आपण त्यांना आवडलो असं वाटलं.

तिथेच घात झाला.

वळण खणून उतार सुलटा करावा, असा आसपासच्या लोकांचा अर्ज रस्ते खात्यात पडून होता. खात्यातले आताचे साहेब एके काळी अण्णांच्या हाताखाली होते. अण्णांनी त्यांना फोन केला. साहेब आले, लाल गाडीत बसले, आणि जावयाने त्यांना साठच्या वेगाने तीनदा फिरवून आणलं. नाही कसं म्हणणार? गाडीचं कौतुक चाललं होतं, आणि ते ऐकायला त्याचे कान आठ आठवडे आसुसलेले होते.

साहेबांनी बॉनेटवर कागद ठेवून लिहिलं : वळण निर्दोष. ताशी साठला सुरक्षित. अर्ज निकाली निघाला. चार दिवसांनी तीसचा बोर्ड उतरवून तिथे साठचा लावला गेला.

पुढच्या पंधरवड्यात एक्स-रेच्या खोलीत टाकीची सात माणसं आली. सातवा एक पाववाला होता. खुबा मोडलेला. त्याला टेबलावर सरकवताना तो इतका ओरडला की बाहेरची रांग गप्प झाली. जरा दम खाऊन तो म्हणाला, "साहेब, माझी चूक नाही हो. बोर्डावर साठ लिहिलंय. मी पंचावन्ननेच होतो."

त्या संध्याकाळी जावई जेवला नाही. अण्णांनी कारण विचारलं तेव्हा त्याने पाववाल्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. अण्णा ताटावरून उठले आणि खोलीत जाऊन दार लावून बसले.

दुसऱ्या दिवशी तो गॅरेजमध्ये गेला. "उस्ताद, गाडी पहिल्यासारखी करा."

"पहिल्यासारखी म्हणजे?"

"वाईट."

उस्तादने हातातला पाना खाली ठेवला. आपल्या अख्ख्या आयुष्यात असं गिऱ्हाईक आलं नव्हतं, असं त्याने नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. पण जुन्या स्प्रिंगा होत्या, आणि ते नऊ वर्षांचे टायरही गॅरेजच्या मागे पडलेले होते. त्याने ते चढवले, एकेक नट आवळताना तोंडाने काहीतरी पुटपुटत.

खात्यात वेगळीच अडचण निघाली. "निर्दोष ठरलेलं वळण पुन्हा तपासायचा नमुनाच नाही आमच्याकडे," साहेब म्हणाले. शेवटी अण्णा स्वतः जाऊन समोर बसले, तेव्हा साहेब नाइलाजाने यायला तयार झाले. मात्र या वेळी ते गाडीत बसणार नव्हते.

"मी बसतो," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तुम्ही नको. वय बघा."

"वळण माझं आहे."

बायकोला बघायला येतेस का विचारलं, तर ती म्हणाली, "मी इस्पितळात थांबते. तुम्ही दोघं तिकडेच येणार आहात."

वळणाच्या कडेला साहेब कागद घेऊन उभे राहिले. पलीकडचा रस्ता रिकामा बघून एक्स-रेवाल्याने गाडी सोडली. साठपर्यंत जायची वेळच आली नाही. पन्नासला मागची बाजू सुटली, गाडी स्वतःभोवती फिरली, साठचा बोर्ड मुळापासून घेऊन गेली आणि कठड्यात नाक खुपसून थांबली.

धूळ खाली बसली. साहेब पळत आले आणि म्हणाले, "सरकारी बोर्ड आहे हो तो!"

अण्णा खांदा धरून, पांढरेफटक पडून बसले होते. "लिही," ते म्हणाले. "उतार उलटा आहे. मी मोजला होता. रस्ता सुरू झाल्यावर मोजला, म्हणून कुणाला बोललो नाही. लिही म्हणतो ना."

साहेबांनी लिहिलं.

इस्पितळात बायको चाकांची खुर्ची घेऊन दारातच उभी होती. अण्णांच्या खांद्याचा एक्स-रे जावयानेच काढला. त्याने फिल्म उजेडाला धरली.

"टाकी का?" अण्णांनी टेबलावरून विचारलं.

त्याला हसू आलं नाही. त्याने अण्णांच्या चांगल्या हातावर आपला हात ठेवला, आणि बराच वेळ काढला नाही.

महिन्याभराने खात्याचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, की निवृत्त अधिकाऱ्याचं म्हणणं अपघाताच्या धक्क्यामुळे ग्राह्य धरता येत नाही; गाडीचे टायर सदोष होते; वळण निर्दोष आहे. मात्र बोर्डाच्या नुकसानीची स्वतंत्र चौकशी चालू असून ती संपेपर्यंत अपघाताची जागा यापुढेही आहे तशीच ठेवावी, गाडी हलवू नये.

अहवाल वाचून अण्णांचे डोळे भरून आले. जावई कागद चुरगाळून उठला आणि ताडताड चालत टाकीकडे गेला.

गाडी कठड्यात तशीच तिरकी रुतलेली होती. पुढची काच फुटलेली, एक चाक हवेत. वरून एक टेम्पो भरधाव आला. गाडी दिसताच ड्रायव्हरने ब्रेक दाबला, मान बाहेर काढली, "अरे बापरे" म्हणाला आणि बैलगाडीच्या चालीने वळण पार केलं. त्याच्यामागे दोन मोटारसायकली आल्या. त्याही तशाच, बघत बघत, हळू. तो तासभर उभा राहिला. एकही गाडी पंचवीसच्या वर गेली नाही.

मग त्याला आठवलं, की या महिन्याभरात त्याने टाकीचं एकही हाड बघितलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात साहेबांचा फोन आला. आवाजात थोडा ओशाळेपणा होता. "तुमच्या गाडीचं वाईट वाटतं हो. अण्णांनी मला हाताला धरून शिकवलंय. मी जोर लावतो, चौकशी आठ दिवसांत संपवून टाकतो. गाडी घेऊन जा तुम्ही."

अण्णा गळ्यात झोळी अडकवून शेजारीच बसले होते. त्यांनी चांगला हात पुढे करून फोन मागून घेतला.

"घाई करू नकोस," ते म्हणाले. "सरकारी बोर्ड आहे. नीट, कसून चौकशी कर. वर्षं लागली तरी चालतील."