पानाखालचा मावा

हिरामणने आयुष्यात बरेच निर्णय घाईने घेतले, पण जिलेबी लपवायची जागा त्याने पूर्ण विचार करून निवडली होती. (असं त्याचं मत. आपण ऐकून घ्यावं.)

शुगर निघाल्यापासून डॉक्टरांनी त्याचं गोड बंद केलं होतं आणि बायकोने, म्हणजे सिंधूने, त्या हुकमाची अंमलबजावणी हाती घेतली होती. तरी चष्म्याची दांडी बसवायला म्हणून तो बुऱ्हाणपूरला गेला आणि तिथल्या शनवारा चौकात मावा जिलेबीच्या कढईपुढे त्याचे पाय थांबले. पाव किलो बांधून घेतल्यावर प्रश्न पडला, दापोरा गावातल्या घरात ही ठेवायची कुठे?

गोठ्यामागे सिंधूचा ड्रम होता. कडुलिंब, करंज, सीताफळ, धोत्रा अशा दहा झाडांचा पाला गोमूत्रात कुजवून ती केळीवर फवारायचं औषध करायची. दशपर्णी अर्क म्हणतात त्याला. त्याच्या वासाने म्हैससुद्धा तोंड फिरवून बसायची. तिथे कोण मरायला येतंय, असा हिशोब करून हिरामणने पुडा ड्रममागे ठेवला आणि वर केळीची वाळलेली पानं पसरली.

पण मन थाऱ्यावर राहीना. हिरामण कागद मिलच्या गेटवर नोकरीला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पिशवीत डोकावायचं आणि संशय घ्यायचा, याचाच त्याला पगार मिळे. रिटायर होऊन तो सिंधूच्या माहेरच्या शेतावर राहायला आला, तेव्हा संशय घ्यायला घरात एकटी सिंधूच उरली. रात्री तिने "आज भूक नाही का?" एवढंच विचारलं, तर हा घास हातात धरून विचार करत बसला, की हिला कळलं की काय.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर त्याने ड्रममागे बसून सगळी जिलेबी संपवली. जराशी कडवट लागली. बोटं चाटतोय तोच गोठ्याच्या पुढच्या बाजूने सिंधूचा आवाज आला. ती बुऱ्हाणपूरच्या लालबागेत राहणाऱ्या बहिणीशी, मंगलाशी, फोनवर बोलत होती.

"मंगला, मावा भेटला ना मले! पानाखाली लपेल होता. मले पहिलेच डाउट होता!"

हिरामणचं बोट तोंडातच राहिलं.

"नाही वं, बोलली काहीच नाही. सकाळी चुपचाप औषध मारून दिलं. आता पहिले सुस्ती येईन. मग खाणं सुटीन. मग अंडी देणं बंद. दोन-तीन दिवसांत मामला खलास!"

अंड्यांचा मुद्दा हिरामणला नीट कळला नाही, पण बाकीचं सगळं त्याला लागू होतं. सुस्ती तर आलीच होती. (जेवणानंतर ती रोजच येते, हे त्या घटकेला कोणाला आठवतं?) मरणाची भीती वाटलीच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं. सिंधूवर त्याने आजवर हजार संशय घेतले होते, पण त्यातला एकही खरा निघावा असं त्याला कधीच वाटलं नव्हतं.

भिंतीला धरत धरत तो तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"सिंधू, मी मावा खाल्ला."

सिंधूने फोन बंद केला. "मावा? तुम्ही खाल्ला?"

"सगळा."

"अगं माय! जिता?"

"आहे अजून. पण सुस्ती सुरू झाली."

"खाल्ला तरी किती?"

"पाव किलो."

"पाव किलो? अहो, आपल्या साऱ्या बागेत मिळून पाव किलो मावा नाही निघणार! एवढाले बारीक किडे, ते तुम्ही जमा कसे केले?"

"किडे?"

"मग? मावा म्हणजे किडेच ना! केळीच्या पानाखाली बसतात, रस चोखतात. तुम्ही कोणता मावा खाल्ला?"

हिरामणने तोंड मिटून घेतलं, पण मिशीला लागलेला पाक काही मिटवता येईना.

"जिलेबीतला," तो शेवटी म्हणाला.

सिंधू हसत हसत खालीच बसली. पदराने डोळे पुसता पुसता एकदम थांबली. "म्हणजे तुम्हाले वाटलं, मी औषध तुमच्यावर मारलं? तुम्हाले मारायले?"

हिरामण फारच शरमला होता बिचारा. पण गेटवरची सवय अशी सुटते थोडीच? त्याने हळूच विचारलं, "म्हणजे... नक्की नाही ना मारलं?"

सिंधू उठली, फवारणीचा पंप पाठीला अडकवला आणि त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत एकदा पाहून म्हणाली,

"दहा झाडांचा पाला तोडा, गोमूत्र आणा, महिनाभर ढवळत बसा. एवढी मेहनत मी केळीसाठी करते हो. तुमच्यासाठी कोण करीन?"