दामूभाऊंची मोजणी

दामूभाऊ माणसं मोजतात. लग्नात पंगत बसली की मोजतात, मयताला गेले तरी मोजतात. एसटीत तपासनीस होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण नजर अजून ड्यूटीवर आहे. माझ्याशी बोलतानाही माझ्यामागे कोणी बिनतिकिटाचं लपलंय का, असं बघतात.

आमची संस्था कशेळ्याच्या वरच्या एका वाडीत वायफाय चालवते. समाजमंदिराच्या छपरावर एक डबा आहे आणि त्याची निगा वाडीची समितीच राखते. त्याचा लोकांना काय उपयोग झाला, हे दर तीन महिन्यांनी मुंबईच्या ऑफिसला लिहून पाठवणं हे माझं काम. समितीने दामूभाऊंना देखरेखीला घेतलं आणि माझ्या डोक्यावर चेकर बसला.

एकदा संगणकाने सांगितलं, आज अकरा फोन जोडले गेले. दामूभाऊ स्वतः वाडीवर जाऊन आले.

"माणसं चार व्हती, मॅडम. बाकीच्या काय कोंबड्या?"

"भाऊ, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फोन आपोआप जोडले जातात."

"मग त्ये बिनतिकीट. खाली उतरवा."

मी लिहिलं, 'महिलांचा आत्मविश्वास वाढला.' त्यांनी विचारलं, "कोनाचा? माणूस दाखवा." मी समितीतली एक बाई दाखवली. ते थेट तिलाच म्हणाले, "काय गं, तुझा आत्मविश्वास वाढला म्हनं?" ती घाबरून म्हणाली, "नाय वो, मी कुठं काय केलं?" वाक्य खोडावं लागलं.

शेवटी वैतागून मी मोजणी त्यांच्याकडेच सोपवली आणि त्यांचा कागद न वाचता पुढे पाठवला. ती चूक माझीच. ऑफिसचा फोन आला, "ताई, साडेसतरा लाभार्थी म्हणजे काय?"

दामूभाऊंनी पाचाखालची पोरं धरलीच नव्हती आणि बाराखालची अर्धी धरली होती.

"हाफ तिकीट," ते शांतपणे म्हणाले. "उपकार माना, बायांना अर्धं नाय धरलं. आता एसटीत तोबी नियम हाय."

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. आकडा असाच राहिला तर डबा वाडीवरून काढून नेरळकडच्या नव्या इमारतींत लावायचं ऑफिसात चाललं होतं. अहवालाला आठवडा उरला होता आणि मला एक तरी भक्कम गोष्ट हवी होती.

त्यातच संगणकाच्या यादीतला एक फोन खटकला. दर बुधवारी सकाळी, तासभर, तोच. बघितलं तर दामूभाऊंचा. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. चेकरच आकडा फुगवत होता! बुधवारी जीप पकडून मी वर गेले.

समाजमंदिराच्या ओट्यावर बुधीआजी बसली होती. तिची लेक घाटावर वीटभट्टीला गेलेली. दामूभाऊ फोन आजीच्या तोंडासमोर धरून, स्वतः मान वळवून डोंगराकडे बघत होते. हात भरून आला की दुसऱ्या हातात धरत. पडद्यावर लेक विटा थापत होती. आजी नुसती बघत होती. मध्येच म्हणाली, "डोईवर फडकं घे गं."

फोन संपल्यावर मी कॅमेरा काढला. दामूभाऊंनी मला बाजूला घेतलं.

"हिचं लिवू नका."

"भाऊ, डबा जाईल."

"कागदावर नाव गेलं की मागनं कोनी तरी चौकशीला येतंय, असं तिला वाटतं. परत यायची नाय ती."

"मग मी लिहू काय?"

त्यांनी चपलेने माती सारखी केली.

"माझं लिवा. बायको गेली, पोरगा फोन उचलत नाय. म्हातारा दर बुधवारी हितं येतो, तासभर मानसांत बसतो. डबा गेला तर त्यानं कुठं जायचं, असं लिवा."

"खोटं लिहू?"

"खोटं कुठं हाय त्यात?"

मी कॅमेरा पिशवीत टाकला आणि अहवालाचा फॉर्म काढला. नाव मला ठाऊकच होतं, तरी विचारलं. त्यांनी वडिलांच्या नावासकट आणि आडनावासकट सांगितलं, सावकाश, मला नीट लिहिता यावं म्हणून.