मंगळाची राणी अहिराणी बोलते

प्रकाशभाऊ चहाला येणार असं कळलं, की आमच्या गल्लीतल्या बायका आधी परात आत नेऊन ठेवायच्या. परात, झाकणी, पिठाची चाळण, काहीही गोल दिसलं की भाऊ ते उचलत, उलटं करत, एक डोळा मिटून उजेडात धरत आणि आपल्या अहिराणीत गंभीरपणे म्हणत, "यान शे हाई." मग ते यान मागून नेत. परत येई तेव्हा त्याला मधोमध भोक पडलेलं असे, कारण दोरा ओवल्याशिवाय यान उडत नाही. आमच्या घरच्या परातीचं भोक बायकोने लाख लावून बुजवलं होतं. पोळ्या बऱ्या व्हायच्या, पण भाऊंचं नाव काढलं की तिच्या कपाळावर आठी चढायची.

धुळ्यात भाऊंचा छोटा फोटो स्टुडिओ होता. पासपोर्टचे फोटो आणि लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी हे पोटापाण्याचं काम. खरं काम म्हणजे पिच्चर, तोही विज्ञानाचा. कधी येतोय म्हणून कुणी विचारलं, की उत्तर ठरलेलं. "पिच्चर तयार शे, फक्त काढानं बाकी शे."

गोष्ट अशी होती. यावलच्या केळीच्या बागेत मंगळावरचं यान उतरतं. तिकडचं पाणी आटलंय, म्हणून तिथली राणी आपली तापी न्यायला आली आहे. गावकरी बिलकूल घाबरत नाहीत. ते घोंगडी टाकतात, पाहुण्यांना बसवतात आणि मग कुठल्या गावचे, कुणाकडचे अशी चौकशी सुरू करतात. मी शेजारी राहणारा विज्ञानाचा शिक्षक, त्यामुळे शास्त्रीय बाजू माझ्या गळ्यात पडली. एकदा भाऊ थेट माझ्या वर्गाच्या दारात उभे. "सर, मंगळवर उकडस का?" मी म्हटलं, कडाक्याची थंडी असते. भाऊंचा चेहरा पडला. "मंग त्यास्ले आपलं ऊन सोसाव नही. टोप्या देना पडतीन." मुलं हसली. मीही हसलो, पण भाऊ टोप्यांच्या विचारात निघूनसुद्धा गेले.

त्या काळी लग्नाच्या कॅसेटमध्ये नवरीचा चेहरा गुलाबाच्या फुलात फिरवायची पद्धत होती. धरणगावच्या एका लग्नात भाऊंनी गुलाबाला सुट्टी दिली आणि यान घातलं. मंगलाष्टकं चाललीत, अंतरपाट धरलाय, आणि मागून आमची परात डावीकडून उजवीकडे सावकाश जाते. नवरीचे वडील कॅसेट घेऊन तणतणत स्टुडिओत आले. भाऊ शांतपणे म्हणाले, "आबा, समदास्ना लगीनले गावना पाव्हना येतस. तुमना घर मंगळवरथून वनात." मंगळावरून आलेले हे पाहुणे बघायला आबांनी कॅसेट पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा पाहिली. आणि धाकटीच्या लग्नात दोन यानं टाका, असं बजावून गेले.

या पिच्चरची राणी मात्र पहिल्यापासून ठरलेली होती. भाऊंची थोरली बहीण, अक्का. नवऱ्याने दुसरी बायको आणली तेव्हा त्या माहेरी परतल्या आणि तेव्हापासून उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. लोकांनी विचारलं तर काय सांगायचं, या धास्तीने शेजारीण आली तरी त्या मागच्या खोलीत जायच्या. आईवडील गेलेले, भाऊंनी लग्न केलं नाही, घरात ही दोघंच. त्यातही बोलणं भाजी-भाकरीपुरतं. पण रविवारी दुपारी भाऊ त्यांना चहाच्या पेटीतल्या चंदेरी कागदाचा झगा घालून गच्चीवर उभं करत आणि तालीम घेत. राणी अहिराणी बोलायची. मी हरकत घेतली तर भाऊ म्हणाले, "मंगळवर कोनती भाषा बोलतस, तुमले माहीत शे का? नही ना? मंग?"

एका श्रावणात तालमीचा रविवार नेमका कानबाईचा रविवार निघाला. घरोघरी देवी बसलेली, बायका नव्या लुगड्यांत पूजेसाठी ये-जा करताहेत. त्यांनी वर पाहिलं तर गच्चीवर लखलखता झगा, डोक्यावर पितळी चाळण, आणि खणखणीत आवाज, "घाबरू नका. आम्ही दूरथून वनूत. आमले पानी जोयजे." साक्षात कानबाई आली, यात कुणाला शंकाच उरली नाही. नळाला कधीमधीच पाणी येणाऱ्या आमच्या गल्लीतून भरलेले हंडे जिन्याने वर चढू लागले. माझी बायकोही एक घेऊन गेली. एकीने पाया पडून लेकीला स्थळ कधी मिळेल, असं विचारलं. भाऊंना काय करावं सुचेना. अक्का मात्र हंड्यांकडे पाहत राहिल्या आणि फस्सकन हसल्या. हसत हसत खालीच बसल्या. मग बायकाही त्यांच्याभोवती बसल्या, आणि ज्या प्रश्नाची अक्कांना धास्ती होती, तो कुणी विचारलाच नाही. त्यानंतर अक्का दुपारी ओट्यावर येऊन बसू लागल्या, चारचौघींबरोबर तांदूळ निवडू लागल्या.

आणि अशात दोंडाईच्याचे एक मिरचीवाले शेठ स्टुडिओत आले. त्यांनी कुणाच्या तरी लग्नात यान पाहिलं होतं. म्हणाले, काढा पिच्चर, खर्च माझा. अट एकच. राणी मुंबईची नटी हवी आणि केळीच्या बागेत तिचा नाच हवा. गल्लीभर ही बातमी झाली. अक्कांनी झगा घडी करून कपाटात ठेवला आणि त्या दिवसापासून ओट्यावर आल्या नाहीत. मला वाटलं, संपलं. इतकी वर्षं वाट पाहिलेला माणूस आता कसा थांबेल? आणि थांब म्हणून सांगणारा मी तरी कोण?

भाऊ शेठना उत्तर द्यायला दोंडाईच्याला गेले. संध्याकाळी मी उगाच त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. मला खरोखर भीती वाटत होती. भाऊ एसटीतून उतरून धुळीने माखलेले आले. अक्का दारात उभ्या होत्या.

"शेठले 'नही' सांगी वनू," भाऊ म्हणाले.

"मन्हामुये पिच्चर गया ना?" अक्कांचा आवाज अगदी बारीक होता.

"नही वं अक्का. शेठले इग्यान समजत नही."

अक्का चहा टाकायला आत गेल्या. माझ्या छातीवरचा दगड उतरला. तरी राहवेना. मी हळूच म्हटलं, "भाऊ, शेठना समजावलं असतं तर? अक्कांना घेऊनच काढला असता की पिच्चर."

भाऊंनी आत पाहिलं आणि आवाज खाली आणला. "शेठ तयार व्हयना व्हतात, सर. अक्का चालतीन म्हने. तरी मी 'नही' सांगं. पिच्चर एकदा निंघना का अडीच घंटामा सरी जास. मंग अक्का रविवारले काय करी?"

माझे डोळे भरून आले आणि इतकं हलकं वाटलं, की कधी एकदा घरी जाऊन बायकोला सांगतो असं झालं. तेवढ्यात आतून, कपबशांच्या खणखणाटातून, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक आली.

"परकाश, ते रानीनं भाषन जरासं लांबं कर ना रे! सुरू व्हस नही तं सरी जास."