टपालखर्च आठ रुपये

पार्सल द्यायला नाना पोस्टात आले की आधी त्या पार्सलवर उभे राहत. पाय जुळवून, छाती काढून. मग खाली उतरून म्हणत, "घ्या भाऊ. माले झेलनं, आते कायबी झेली." मी धरणगावच्या पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होतो, तेव्हाची ही गोष्ट. पंच्याऐंशी-शहाऐंशीची असेल. खोक्यात असत बिबडे. ज्वारीचे हे पापड ताटाएवढे मोठे, आणि नुसतं रागावून पाहिलं तरी तुटतील असे.

बिबडे अक्कांचे, खोकं नानांचं. अक्का या नानांच्या थोरल्या बहीण. यजमान गेल्यावर त्या पारोळ्याहून भावाकडे आल्या, त्या अट घालूनच: माझ्या कमाईचं खाईन, ते जमेनासं झालं की परत पारोळ्याला. नाना सुतारकामाचे निवृत्त मास्तर, लग्न न केलेले. त्यांनी लगेच एका साप्ताहिकात जाहिरात दिली. खान्देशी बिबडे व्ही.पी.ने घरपोच, म्हणजे पैसे पार्सल हाती पडल्यावर; टपालखर्च आठ रुपये. नोकरीपायी मुंबई-नागपूरला गेलेल्या आपल्या माणसांची पत्रं येऊ लागली.

घोळ असा झाला, की टपालखर्च ठरवताना मास्तरांनी बिबडे तोलले, खोकं तोललंच नाही. खोकं आंब्याच्या फळ्यांचं, आत केळीच्या वाळक्या सोपटांची गादी. माझ्या काट्यावर चौदा रुपये होत. आठ गिऱ्हाइकाकडून यायचे, वरचे सहा नाना गुपचूप पेन्शनमधून घालत.

पुठ्ठ्याचं खोकं वापरा, असं एकदा मी सुचवलं. त्यावर दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मग म्हटलं, निदान जाहिरातीत आकडा तरी बदला. "छापेल ते छापेल," म्हणाले. छापलं ते छापलं, हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. त्यांच्या या हट्टाची नक्कल करून मी घरी सगळ्यांना हसवत असे. पण अभिमानही वाटे, खोटं का बोलू? आमच्या गावचा एकही बिबडा कधी वाटेत तुटला नाही. नागपूरच्या एका बाईंनी तर कळवलं, की खोक्यात देव बसवले आहेत, आता पोथ्यांसाठी दुसरं खोकं पाठवा, बिबड्यांसकट.

एकदा नानांना ताप आला आणि पार्सल घेऊन अक्का स्वतः आल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी मोजून आठ रुपये काढले. "बठ्ठा पैसा मनी कमाईना शे," म्हणाल्या. सगळा पैसा स्वतःच्या कमाईचा, हे सांगताना त्या ताठ उभ्या राहिल्या. मी खोकं तोललं. चौदाच. खरं तर सांगायला हवं होतं, पण मी आठच सांगितले. त्यांचे आठ घेतले, सहा माझ्या खिशातून टाकले, तिकिटं लावली आणि खोकं पटकन मागे सरकवलं.

आठवड्याने नाना आले, गालफडं बसलेली. अक्कांना मी किती सांगितले, एवढंच त्यांना जाणून घ्यायचं होतं. आठच, म्हटलं. तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला. सख्ख्या बहिणीपासून हे लपवायचं कशाला, असं मी विचारलंच. ते म्हणाले, खर्च वाढवला तर मागणी घटेल. आणि मग आवाज खाली आला.

"तिले खरं समजनं तं धंदा बंद करी, पारोळाले निंघी जाई. मंग घरमा मी कोनासंगे बोलू, भाऊ?"

मला माझ्या नकलांची लाज वाटली. नानांनी सहा रुपये पुढे केले. मी हात मागे घेतला, म्हटलं, एवढ्या एका पार्सलचे माझे राहू द्या.

"बहीण मनी शे," नाना म्हणाले, आणि सहाच्या सहा रुपये खिडकीत ठेवून ताठ मानेने घराकडे निघाले.