शहाद्याच्या जॅझवाल्या विमलताई

शहाद्यात मे महिन्यात माणूस डोक्याला ओला रुमाल बांधून फिरतो. विमलताई त्या उन्हात काळी हॅट घालतात, तीही इतकी तिरपी की एक डोळा कायम सावलीत. स्कूटीवर हातमोजे आमच्याकडे सगळ्याच बायका घालतात, पण विमलताईंचे काळे आणि कोपराच्या वरपर्यंत. भाजीबाजारात त्या मेथीची जुडी उचलून अशी निरखतात, की विकणाऱ्या बाईला आपल्या हातून खून-बिन झालाय की काय असं वाटायला लागतं.

ताई बसस्टँडवर गाड्या पुकारतात. मी शेजारच्या खिडकीत पास देतो, त्यामुळे त्यांचा खर्जातला, दमलेला आवाज दिवसभर माझ्या कानात असतो. "तोरणमाळची गाडी फलाट तीनवरून..." इथे एक उसासा. "निघते आहे." ऐकणाऱ्याला वाटावं, ड्रायव्हर आता घाटातून परत येत नाही. एकदा धुळ्याच्या गाडीबद्दल त्या म्हणाल्या, "उशिरा येईल. कदाचित येणारही नाही." निम्मे प्रवासी काळी-पिवळी जीप शोधायला गेले. आगाराच्या साहेबांनी बोलावून समजावलं, "ताई, नुसता फलाट सांगत जा. भावना नको."

हे सगळं सिनेमातून आलं. त्यांचे वडील पुरुषोत्तमनगरला, साखर कारखान्याच्या वसाहतीत, हौसेने सिनेमाचं मशीन चालवायचे. कुठून कुठून जुने काळे-पांढरे इंग्रजी रहस्यपट आणायचे. धूर, ओल्या गल्ल्या, पळणाऱ्या सावल्या आणि मध्येच अंधाऱ्या क्लबात पियानोला टेकून गाणारी एक बाई. छोट्या विमलला इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या बाईवरून तिची नजर हलली नाही.

"सगळा भामटा ऱ्हातस तठे," ताई अजून सांगतात. "एकटी गानारी बाई खरं बोलस."

तेव्हापासून त्या जॅझ आणि स्विंग गातात. शब्द स्वतःचे, अहिराणी. बहुतेक गाणी कापसाच्या ट्रकबरोबर सुरतेला गेलेल्या आणि परत न आलेल्या एका माणसाबद्दल असतात. असा कुणी खरंच होता का, हे विचारायची आमच्यात कुणाची हिंमत नाही. ताईंनी लग्न केलं नाही. घरात एकट्याच असतात.

साथीला त्यांनी लग्नाचा बँड धरला. डीजे आल्यापासून बँडवाले रिकामेच होते. म्होरके हिरामण मास्तर, ट्रम्पेटवाले, वयाने ताईंपेक्षा बरेच मोठे. दर रविवारी दुपारी केळीच्या रिकाम्या गोदामात तालीम. ताई आधी दारं ओढून घेत. "उजेड कमी करा. गानं दिसी ऱ्हायनं." मग ढोलवाल्याला स्विंग शिकवत, "सरळ नको जाऊ भो. केळीनं ट्रॅक्टर खड्डामाईन कसं जास? तसं डुली-डुली चाल."

गेल्या वर्षी मास्तरांच्या नातीचं लग्न ठरलं. मास्तरांना दम्याने घेरलं होतं आणि डॉक्टरांनी वाजवायचं नाही म्हणून बजावलं होतं. मुलगा म्हणाला, "बाबा, आपन डीजे सांगू." मास्तर ऐकेनात. "मन्ही नात शे. मीच वाजाडसू."

जेवणं आटोपल्यावर दुपारी मांडवात ताई उभ्या राहिल्या. काळी साडी, हॅट, हातमोजे. मांडववाल्याला कनाती ओढून हॅलोजन बंद करायला लावले. वऱ्हाडातल्या म्हाताऱ्या जरा बिचकल्या, पण ढोल डुलू लागला तशा त्यांच्या मानाही डुलू लागल्या. पहिलं गाणं झकास झालं.

दुसऱ्या गाण्यात मास्तरांचा एकट्याचा तुकडा होता. त्यांनी ट्रम्पेट ओठाला लावलं, गाल फुगले, पण सूर निघाला नाही. पुन्हा फुंकलं. नुसती हवा सुस्कारली. मी मदतीला आलेला, बाजूलाच होतो. मास्तरांचे डोळे भरून आले होते आणि समोर नात बघत होती.

ताई सावकाश वळल्या, मास्तरांच्या अगदी जवळ गेल्या आणि हॅट काढून स्वतःच्या तोंडापुढे धरली. त्या हॅटीमागून ट्रम्पेट वाजू लागलं. घोगरं, लाडिक, खट्याळ, अगदी मास्तरांचंच. मास्तर क्षणभर गोंधळले. मग त्यांची बोटं कळांवर चालू लागली. पूर्ण तुकडा ताईंनी तोंडाने वाजवला, मास्तरांनी बोटांनी. नात उठून नाचली.

लोक मास्तरांच्या पाया पडायला आले. ताई मोठ्याने कुरकुरल्या, "मास्तर, इतलं जोरबन वाजाडतस का? मन्हं गानं कोनीच ऐकं नही."

पाठवणी झाली. मांडवात खुर्च्या गोळा करायचं काम चाललं होतं. मास्तर एका कडेला बसून होते. ताई ताट घेऊन त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. मी खुर्च्या रचत होतो, म्हणून मला ऐकू आलं.

"ताई, मन्ही हवा सरनी," मास्तर म्हणाले. "आते दुसरा कोनी देखा."

"हवा मी आनसू. तुम्ही बोटं आना."

ताईंनी हातमोजे काढले, मांडीवर नीट घडी घातली. मग बसस्टँडवर मी कधी ऐकला नव्हता अशा साध्या, बारीक आवाजात म्हणाल्या, "रविवारले तुम्ही नही येतस ते मी कोनासंगे गाऊ?"

मास्तरांनी ताटातला लाडू उचलला, मोडून अर्धा त्यांच्या हातावर ठेवला.

"कितला वाजता येऊ?" त्यांनी विचारलं.